एक माणूस कमी

सोमवार, ३ डिसेंबर १९७३

आले बाई एकदाची परभणीला! सकाळी पालमहून सातची एसटी धरली. बाबांनी माझी पत्र्याची पेटी स्टँडपर्यंत डोक्यावर आणली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभं राहून एकच पालुपद, साहेब लोकांशी वाद घालू नको. जशी काही मी वाद घालायलाच चालले होते! मायनं धपाट्यांची चवड बांधून दिली, वर कारळाची चटणी. ती रडली नाही. नुसती म्हणाली की बोलायला जायलीस तशी ऐकायला बी जा. माझं तोंड तिला चांगलंच माहीत आहे.

भीमनगरात सरजाबाईंकडं खोली मिळाली. त्या बाबांच्या ओळखीच्या, दवाखान्यात आया आहेत, एकट्याच राहतात. आल्या आल्या त्यांनी विचारलं की मी नेमकं काय शिकायला आले. कॉम्प्युटर म्हणाले. बाई म्हणाल्या, म्हंजी टायपिंगच न्हवं का ते? मी म्हणाले, त्याच्या पुढचं. पुढचं म्हणजे काय ते मला तरी कुठं माहीत आहे!

बी.एस्सी. झाल्यापासून सहा महिने गावात एकच प्रश्न. पोरगी गणित घेऊन करणार काय? मास्तरीण हो, नाहीतर ग्रामसेविका. बाकी वाटा जणू देवानंच बुजवल्यात. मग पेपरात ती दोन बोटं रुंद जाहिरात दिसली. यांत्रिक गणना केंद्र, प्रशिक्षणार्थी पाहिजेत, एक महिना, आणि त्यातला एक उमेदवार पुढं मुंबईला कॉम्प्युटरच्या शिक्षणाला. एकच. तो एक मीच. इथं लिहून ठेवलंय.

मंगळवार, ४ डिसेंबर

कचेरी म्हणजे स्टेशनकडच्या जुन्या जिनिंगचं गोदाम. कोपऱ्यात अजून सरकी सापडते. पण आत पाच मशिनी, हिरव्या-राखाडी, आणि असा खडखडाट की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. मला तर तो बँडबाजापेक्षा गोड वाटला.

आमचे प्रमुख दिनकरराव. साठीला टेकलेले, सगळी उमर हैदराबादेत असल्याच मशिनींवर गेली. मला बेटा म्हणतात आणि दर दुसऱ्या वाक्याला खैर म्हणतात. त्यांनी कामाची सगळी शिडी समजावली. खालची पायरी कार्डाला भोकं पाडणं, म्हणजे पंचिंग. त्याच्यावर तपासणी. मग बेरजेचं मशीन. आणि माडीवर मुंबईचा कॉम्प्युटर. मी विचारलं, माडीवर जायला किती दिवस? म्हणाले, त्यांना स्वतःला तीस वर्षांत जमलं नाही, माझं बघू.

काम असं. दुष्काळ सरल्यावर गावोगाव घर मोजून पाहणी झाली, कुठल्या घरात किती माणसं आहेत. त्याचे फॉर्म इथं येतात. ऊसतोडीला गेलेली, शिकायला गेलेली माणसंही घरच्याच फॉर्मवर धरतात. लक्ष्मीबाई फॉर्म बघून कार्ड पंच करते. चाळिशीची बाई, बोटं हार्मोनियमवर फिरावीत तशी फिरतात. मग तेच कार्ड आणि तोच फॉर्म माझ्याकडं येतो. मी फॉर्म बघून परत तीच बटणं दाबायची. माझं बोट आणि तिचं भोक जुळलं तर कार्ड पुढं सरकतं आणि कडेला खाच पडते. नाही जुळलं तर लाल दिवा लागतो, बटणं गच्च. पंच एकीनं करायचं, तपासायचं दुसरीनं. स्वतःचं कार्ड स्वतः कधी तपासायचं नाही, हा इथला पहिला कायदा. आपली चूक आपल्याला दिसत नसते म्हणून.

कार्डावर गावाचा नंबर, घराचा नंबर, पुरुष किती, बाया किती, पोरं किती. नाव नाही. मी म्हणाले, हे काय, माणसाचं नावच नाही? दिनकरराव हसले. मशीनला नावं कळत नाहीत बेटा, म्हणाले, त्याला फक्त माणसं कळतात.

दर गावाच्या गठ्ठ्यावर एक चिठ्ठी असते. तिच्यावर गावातल्या एकूण माणसांची बेरीज. सगळी कार्डं बेरजेच्या मशीनमधून काढली की तीच बेरीज यायला पाहिजे. आली की गठ्ठा लाकडी पेटीत, आणि पेटी दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला.

शनिवार, ८ डिसेंबर

चार दिवसांत हात बसला. आज पोखर्णीचा गठ्ठा होता. एक्केचाळीस नंबरच्या घराला लाल दिवा लागला. फॉर्मवर किशनराव नावाचा कुटुंबप्रमुख, पुरुष तीन. मी तीनचं बटण दाबलं, मशीन अडलं. कार्ड उजेडाला धरलं तर भोक दोनवर. मी लक्ष्मीबाईला चिडवलं की काल कीर्तनाला जागली होतीस का. ती उखडलीच. आईच्यान तीनच पाडलं म्हणाली.

तीनदा दाबून पाहिलं. मग दिनकरराव आले, कार्ड घेतलं आणि दुरुस्त न करता तसंच पुढं ठेवून दिलं. असलं कार्ड आलं की हात लावायचा नाही, त्यांना द्यायचं, एवढंच म्हणाले. मी म्हणणार होते की मग तपासणी कशाला ठेवली, देवपूजेला? पण बाबांची आठवण आली. गिळलं.

नवल म्हणजे चिठ्ठीची बेरीज बरोबर जुळली. एक माणूस कमी धरूनच.

गुरुवार, १३ डिसेंबर

अशी आणखी चार कार्डं निघाली. देवगाव फाट्याकडची दोन, सेलूकडची दोन. नेहमी एकच कमी. जास्त कधी नाही. चूक असती तर कधी इकडं गेली असती, कधी तिकडं. गणित शिकलेल्या माणसाला हे कळतं.

आज जेवणाच्या सुट्टीत सेलूचं एक कार्ड नीट पाहिलं. बोटानं चाचपलं. जिथं भोक असायला पाहिजे तिथं कागद गुळगुळीत, जणू कधी सुई सुद्धा लागली नाही. लक्ष्मीबाई माझ्याकडं बघत होती. मी बघितल्यावर तिनं मान खाली घातली.

रविवार, १६ डिसेंबर

सरजाबाईंची लेक पोखर्णीला दिली आहे. त्या भेटीला निघाल्या, मीही गेले. नरसिंहाच्या देवळाजवळून जाताना मी सहज म्हणून किशनरावांच्या घराचं विचारलं. सहज कसलं, आठ दिवस तेच डोक्यात आहे.

अंगणात बाया बसल्या होत्या. धाकट्या मुलाचा आज सातवा दिवस. सोमवारी सकाळी मोट जुंपायला गेला, काठावरून पाय सटकला, खाली खडक. पंचवीस वर्षांचं पोरगं. त्याची माय मला ओळखत नव्हती तरी माझा हात धरून सांगत बसली की पाव्हणे, फॉर्म लिहायला आलेल्या मास्तराला त्यानंच पाणी दिलं होतं हो, समद्यांची नावं बी त्यानंच सांगितली.

शनिवारी कार्ड. सोमवारी माणूस. परत येताना मी सगळी वाट ओंजळीत डोकं धरून बसले. त्यांना वाटलं ऊन लागलं.

सोमवार, १७ डिसेंबर

दिनकररावांना सरळ विचारलं. त्यांनी मशिनी बंद करायला लावल्या. ती शांतता मला सहन होईना.

हैदराबादेतही असंच होतं म्हणाले. मशिनी इथं आल्या, सोबत हेही आलं. चिठ्ठीवरची बेरीज आधीच कमी आलेली असते, आणि पेटी गाडीत चढली की दोन दिवसांत ते माणूस जातं. पहिल्यांदा त्यांनी कार्ड दुरुस्त केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच गठ्ठ्यातलं दुसरंच कार्ड एकानं कमी झालं. तेव्हापासून ते हात लावत नाहीत. चिठ्ठीइतकीच माणसं राहणार, मग कुणाच्या घरातलं काढू, हे मी कोण ठरवणार, असं म्हणाले. बोलताना म्हातारा रडत होता.

माझ्या आधी याच खुर्चीवर नागनाथ म्हणून प्रशिक्षणार्थी होता. हुशार. त्याच्या गावच्या गठ्ठ्यात चुलतभावाचं कार्ड अडलं. त्यानं ते नीट केलं, आणि आपल्या घरच्या कार्डावर पुरुष एक होते ते शून्य केले. घरात तो आणि आई, दोघंच. सोमवारी इथंच, बसल्या जागी गेला. बेरीज जुळली होती.

मग दिनकरराव म्हणाले की मुंबईसाठी त्यांनी माझंच नाव पाठवलंय. आणि हात जोडले. माझ्या गावचा गठ्ठा आला की मी रजा टाकावी, एवढंच ऐकावं.

मायही हेच म्हणाली होती, ऐकायला बी जा. पण मी रजा टाकणार नाही. टाकली तर रोज गावच्या वाटेकडं बघत बसावं लागेल.

बुधवार, १९ डिसेंबर

आला आमचा गठ्ठा.

घर नंबर सत्तावीस. फॉर्म हातात घेतला आणि आधी हसूच आलं. बाबांनी सांगून सांगून लिहून घेतलेलं दिसतंय. रंगनाथ, शेतमजूर. कडूबाई, शेतमजूर. सूर्यभान, ऊसतोड. सत्यशीला, बी.एस्सी. माझ्या नावाखाली मास्तरानं दोन रेघा मारल्यात. पुरुष दोन, बाया दोन. चार माणसं. बाबांनी ते वाकून वाकून वाचून घेतलं असेल.

पुरुष दोन दाबलं. लाल दिवा.

भोक एकवर आहे.

लक्ष्मीबाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पदर तोंडात कोंबला. सूर्यभान, माझा सूर्यभान. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी कॉलेजात गेले आणि तो कोयता घेऊन कारखान्यावर गेला, दोघांचं एकदम जमणार नव्हतं. जाताना म्हणाला होता, ताई, तू वरच्या वर्गात, मी वरच्या मुलखात. बाबा की तो, कार्ड सांगत नाही. पण मला माहीत आहे. बाबा घरी आहेत. उसाच्या गाड्यांखाली तोच असतो.

गुरुवार, २० डिसेंबर

नवं कार्ड मी स्वतः पंच केलं. पुरुष दोन. लक्ष्मीबाईनं तपासलं, खाच पडली. जुनं फाडलं.

दिनकरराव दारात उभे होते. मला अडवलं नाही. नुसते बेरजेच्या मशीनकडं गेले आणि कागद आणून समोर ठेवला. एक जास्त.

जास्त तर जास्त! जग बुडत नाही एका माणसानं.

शुक्रवार, २१ डिसेंबर

बेरीज जुळली. आपोआप.

आमचं कार्ड ठीक आहे. अठ्ठावीस नंबर अडतंय. व्यंकटीकाकांचं घर. भिंतीला भिंत. पुरुष दोन, काका आणि लिंबाजी. कार्डावर एक.

लिंबाजी सूर्यभानच्याच टोळीत. चैतात लग्न धरलंय. काकांना दुसरं लेकरू नाही. मॅट्रिकच्या परीक्षेला काकांनी मला सायकलवर बसवून नेलं होतं, रोज, आठ दिवस, कारण बाबांना कामावरून सुट्टी नव्हती.

मी केलं हे. माझ्या हातानं केलं.

शनिवार, २२ डिसेंबर, सकाळी साडेदहा

पेटी पाचला बंद होते.

परत सूर्यभानवर टाकू? की लिंबाजी राहू दे? की तिसरंच कुणाचं घर, ज्यांना मी ओळखत नाही — म्हणजे त्यांचं दुःख कमी का?

नागनाथानं काय केलं ते आता कळतंय. वेडा नव्हता तो.

दुपारी एक

टपाल आलं. मुंबईचा हुकूम. जानेवारीच्या सातपासून कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग, माझं नाव इंग्रजीत, स्पेलिंग चुकलंय. लक्ष्मीबाई पेढे आणते म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

मला मरायचं नाही. मला मुंबईला जायचंय. मी एवढी शिकले ती काय यासाठी? कुणाला तरी हे सांगावं वाटतंय — तो कॉम्प्युटर मला एकदा बघायचा होता. नुसता बघायचा.

संध्याकाळी सहा

केलं.

लिंबाजीचं कार्ड नीट केलं, पुरुष दोन. आमच्या घराचं नवीन पाडलं. पुरुष दोन. बाया एक.

लक्ष्मीबाई तपासायला तयार होईना. फॉर्मवर बाया दोन आहेत, मी एक कशी दाबू, सत्यशीला, थांब, मला आधी एक विचारू दे, असं काहीतरी म्हणायली होती. मी तिला उठवलं. ओरडले तिच्यावर. स्वतःच बसले, स्वतःचं कार्ड स्वतःच तपासलं. एक दाबलं, एक होतं. खाच पडली.

बेरीज जुळली. पेटी गेली.

बाबा, मला माफ करा. सूर्यभानचं लग्न करा, मुंबईचा हुकूम माझ्या पत्र्याच्या पेटीत खाली ठेवलाय, तो गावात दाखवा.

रविवार, २३ डिसेंबर

वाट बघायलेय. अंगात काही नाही. नाडी ठीक. सरजाबाईंना वाटतं मला ताप आहे, सारखा कपाळाला हात लावतात.

मायला पत्र लिहायला घेतलं. तिला वाचता येत नाही, बाबा वाचून दाखवतात. लिहिलं की धपाटे संपले. पुढं लिहवेना.

सोमवार, २४ डिसेंबर

सकाळी दहा. कामावर आले. नागनाथ इथंच बसला होता. मीही इथंच बसते. निदान कुणाला धावपळ नको.

अकरा. अजून आहे.

साडेअकरा — व्यंकटीकाका आलेत. व्हरांड्यात उभे आहेत. आत येत नाहीत. दिनकररावांशी बोलतायत, टोपी हातात.

लिंबाजी? पण मी तर नीट केलं होतं. सूर्यभान? नाही, तेही नीट —

काकांनी खिडकीतून माझ्याकडं बघितलं. लिंबाजी बरा आहे. पोर गेलेल्या माणसाचे डोळे असे नसतात. माझ्याकडंच बघतायत, माझ्यासाठीच रडतायत. बाराची पालमची गाडी आहे म्हणतायत, पोरीला लगेच न्यायला आलो म्हणतायत —

मी तर इथं आहे. श्वास चालू आहे. हात लिहायलाय.

मग कोण —

बाया दोन होत्या. मी मला धरलं. मशीनला नाव कुठं सांगितलं मी, बाया दोन, मी आणि —